न मोजलेले पॉइंट तीन

ती घटना आठवली की मला आधी एक मीटर आठवतो, माणसे नंतर. पिवळ्या रबरी कव्हरातला, कोपरे झिजलेला, वीजदुरुस्तीवाले वापरतात तसा साधा मल्टिमीटर. बत्तीस वर्षांच्या पोलीस नोकरीत मी कोयते, बनावट शिक्के आणि एकदा तर जिवंत बोकडसुद्धा मुद्देमाल म्हणून जप्त केला आहे. बोकडाने पंचनाम्याचा एक कागद खाल्ला, तो वेगळा किस्सा. पण ज्या वस्तूने मला सर्वांत जास्त शहाणे केले, ती मी जप्त करू शकलो नाही. कारण तेव्हा मी निवृत्त झालो होतो, आणि परक्या देशात होतो.

शारजाच्या अल नहदा भागात माझी मुलगी राहते. निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी आणि माझी पत्नी तिच्याकडे गेलो. जावई पहाटेच दुबईच्या ट्रॅफिकशी झुंजायला निघत, मुलगी आठला. मग मी इमारतीखाली फेऱ्या मारी. एकदा मी वॉचमनला पाहुण्यांचे रजिस्टर दाखवायला सांगितले, तेव्हा माझी आठ वर्षांची नात माझा हात ओढत म्हणाली, "आजोबा, यू आर रिटायर्ड!" ते मला तोपर्यंत कोणी इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितले नव्हते.

अशात एक फोन आला. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या एका गावातले गृहस्थ. त्यांच्या भागातल्या पोलीस ठाण्यात मी चार वर्षे होतो, तेव्हाची ओळख. आता त्यांचे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये पंप आणि मोटारी दुरुस्त करण्याचे वर्कशॉप होते. तिकडे त्या भागाला सगळे डीआयपी म्हणतात. फुजैरा बंदरातल्या बार्जवरचे पंपसुद्धा त्यांच्याकडे येत. वर्कशॉपात त्यांना सगळे शेठ म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणतो.

"साहेब, एक काम आहे," शेठ म्हणाले. "पोलिसांचं नाही, पण पोलिसाचंच आहे. गाडी पाठवतो."

वर्कशॉपात पोहोचल्यावर कळलेले प्रकरण असे होते. आदल्या दिवशी सकाळी चहाच्या सुट्टीत वर्कशॉपचा स्टोअरकीपर मागच्या दाराशी उभा राहून व्हेप ओढत होता. तंबाखू न जाळता आतल्या तारेवर सुगंधी द्रव तापवून त्याची वाफ ओढायची, असे ते यंत्र. बटण दाबताच त्याची पितळी नळी हातात तापली, आणि ती टाकून देण्याच्या आत आतली बॅटरी फुटली. तळहात भाजला, उजव्या हाताची दोन बोटे मोडली. पोलीस आले, यंत्राचे तुकडे घेऊन गेले, आणि हे कसे झाले याबद्दल कंपनीने तीन दिवसांत लेखी म्हणणे द्यावे असे सांगून गेले.

"मग द्या लेखी. अपघात झाला म्हणून," मी म्हणालो.

"तसं असतं तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता? तो म्हणतो अपघात नाही. म्हणतो, त्याने जाणून केलं."

'तो' म्हणजे स्टोअरकीपर, आणि 'त्याने' म्हणजे त्याच वर्कशॉपातला वाइंडर. जळालेल्या मोटारीतली जुनी तांब्याची तार काढून नवी भरणारा कारागीर म्हणजे वाइंडर. हे दोघे सख्खे मावसभाऊ, एकाच गावचे, आणि कॅम्पात, म्हणजे कामगारांच्या वसाहतीत, एकाच खोलीत राहणारे. वर्षापूर्वी स्टोअरकीपरच्या धाकट्या भावाशी वाइंडरच्या बहिणीची मंगनी झाली होती. ती मुलाकडच्यांनी मोडली. तेव्हापासून दोघे एका खोलीत झोपत, पण एकमेकांशी बोलत नव्हते. आणि फुटलेल्या व्हेपमधली कॉइल, म्हणजे ती तापणारी तार, वाइंडरने स्वतःच्या हाताने वळून दिली होती.

"मी जर लिहिलं की जाणूनबुजून केलं, तर पोरगा आत जाईल," शेठ म्हणाले. "शिक्षा भोगून वर परत पाठवणी. आणि गावात काय होईल? बहिणीपायी भावाने भावाचा हात तोडला. त्या पोरीशी मग कोण लग्न करील? आणि खोटं लिहिलं, तर हात गेलेल्याला मी काय तोंड दाखवू? खरं काय ते मला शोधून द्या. खलास."

मला कसलाच अधिकार नाही, हे मी त्यांना बजावले. मनातून मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्या लपवायला मी लगेच वही मागवली.

सवयीप्रमाणे आधी जागा पाहिली. मागच्या दाराशी काळा डाग, भिंतीत नळीच्या टोकाने पाडलेला खळगा. कोण कुठे उभे होते याचा नकाशा काढला. मग फोनवरून स्टोअरकीपरची परवानगी घेऊन त्याचा कॅम्पातला लॉकर उघडला आणि तिथला व्यवस्थापक, म्हणजे कॅम्प बॉस, व वर्कशॉपचा फोरमन यांच्यासमोर पंचनामा केला. कॅम्प बॉसने पंच म्हणून सही करताना हसू दाबले ते मला दिसले. लॉकरमध्ये व्हेपचा खोका होता. खोक्यात प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत एक न वापरलेली कॉइल होती, फुटलेल्या कॉइलची जुळी बहीण. वाइंडरची रीतच होती, काहीही करायचे तर दोन करायचे. पिशवीत एक चिठ्ठी होती. तिच्यावर सुबक अक्षरात लिहिले होते: 'कॉइल ०.४ ओम. ४.२ भागिले ०.४ = साडेदहा अँपिअर. बॅटरी २० ची. निम्म्यात ठेवली आहे.'

मला त्यातले अक्षर सोडून काही कळले नाही. पण ज्याच्याशी वर्षभर बोलणे नाही, त्याला कोणी इतकी सविस्तर चिठ्ठी का लिहावी, असे मनात आले. मी वहीत नोंद केली: 'स्वतःला वाचवण्यासाठी आधीच केलेला पुरावा?' प्रश्नचिन्ह घातले, पण बारीक.

जेवायच्या सुट्टीत खबर मिळाली. ठाण्यात काय आणि वर्कशॉपात काय, खबर स्वयंपाकघरातूनच येते. मेसचा म्हातारा आचारी चिपळूणकडचा होता. मला आमटी वाढता वाढता तो खाली वाकून म्हणाला, "साहेब, माझं नाव कुठं घेऊ नका. मंगनी मोडली तेव्हा याच टेबलावर वाइंडर त्याला बोललाय. म्हणाला, ज्या हाताने साखरेचा पुडा परत पाठवलास, त्या हाताला बरकत येणार नाही. आणि बघा, तोच हात गेला."

सुतावरून स्वर्ग गाठू नये हे मी किती फौजदारांना शिकवले असेल. पण तोच हात म्हटल्यावर मी आमटी बाजूला सारून वही उघडली.

दुपारी मी फोरमनला घेऊन जवळच्या एका व्हेपच्या दुकानात गेलो. फोरमन सांगलीचा, बोलका आणि सरळ. दुकानातला तरुण दाढीवाला, केरळकडचा. मी त्याला फोरमनने पोलीस येण्याआधी काढलेले फुटलेल्या यंत्राचे फोटो दाखवले आणि म्हणालो, मला यातले ओ की ठो कळत नाही, पहिलीतल्या मुलाला शिकवतोस तसे शिकव. तो खूश झाला. ज्याला आपल्या कामाची आवड असते त्याला असा विद्यार्थी हवाच असतो.

"अंकल, बाकी सब डिव्हाइस में चिप होती है," तो म्हणाला. "कुछ गलत हुआ तो चिप बंद कर देती है. इस नली में चिप नहीं है. नीचे बॅटरी, ऊपर ॲटमायझर, बीच में बटन. इसमें दिमाग नहीं है. दिमाग आपको लगाना पड़ता है."

मग त्याने काउंटरवर चारपाच ॲटमायझर मांडले. कॉइल आणि कापूस जिथे बसतात तो वरचा भाग म्हणजे ॲटमायझर. बिनचिपच्या नळीसाठी तो निवडताना त्याच्या बुडाची पिन पाहायची, असे त्याने सांगितले. पिन कडेच्या आट्यांपेक्षा बाहेर आलेली हवी. ती सपाट असेल, तर बॅटरीचे टोक थेट कडेला टेकते आणि सगळी वीज एकदम धावते. काही ॲटमायझरांची पिन अशी सपाट असते. ते चिपवाल्या यंत्राला चालतात, या नळीला जीवघेणे ठरतात.

माझे डोळे चमकले. निवड चुकली असेल तर प्रकरण मिटले. पण त्याने फोटो मोठा करून पाहिला आणि मान हलवली. स्टोअरकीपरच्या ॲटमायझरची पिन चांगली बाहेर आलेली होती. निवड बरोबर होती.

दुसरी गोष्ट कॉइलचा ओम. ओम म्हणजे तार विजेला किती अडवते त्याचे माप. बॅटरी पूर्ण भरली की चार पॉइंट दोन व्होल्ट. त्याला ओमने भागायचे, म्हणजे बॅटरीतून किती अँपिअर ओढले जातात ते कळते. ओम जितका कमी, तितकी ओढ जास्त. बॅटरी जेवढे सोसते त्याच्या बरेच आत राहायचे. मी वहीत भागाकार केला. चिठ्ठीतला साडेदहा बरोबर निघाला. वीस सोसणाऱ्या बॅटरीला साडेदहा म्हणजे निवांत.

"ये पॉइंट चार है तो फटना नहीं चाहिए," दुकानदार म्हणाला. "देखते हैं."

त्याने मी सोबत आणलेली ती जुळी कॉइल एका ॲटमायझरवर घट्ट बसवली आणि ओम मोजायच्या छोट्या यंत्रावर ठेवली. आकडा आला ०.१०. त्याने काढून पुन्हा बसवली. पुन्हा ०.१०.

"या अल्ला," तो पुटपुटला. "अंकल, ये तो बयालीस अँपिअर है. बम है ये."

वीसच्या बॅटरीवर बेचाळीस. चिठ्ठीवर पॉइंट चार लिहून हातात पॉइंट एक दिली. फोरमन कपाळाला हात लावून उभा राहिला. मला वाईट वाटायला हवे होते. पण खरे सांगतो, मला आनंद झाला. गाठ सुटल्याचा तो आनंद असतो, त्यात समोरचा माणूस दिसत नाही.

संध्याकाळी पाचला शेठच्या केबिनमध्ये मी वाइंडरला बोलावले. वय तिशीचे, अंगाने सडपातळ, बोटांना वार्निशचा वास. मी त्याला चहा दिला. चौकशीत चहा देतात तो पाहुणचार म्हणून नव्हे, हात कापतो का ते बघायला. त्याचा कापत नव्हता.

"कॉइल किती ओमची केलीस?"

"पॉइंट चार, साहेब."

थोड्या वेळाने गावच्या गोष्टी काढल्या, त्याच्या मामाला मी ओळखत होतो. मग पुन्हा विचारले. पॉइंट चार. तिसऱ्यांदा उलट विचारले, पॉइंट दोन म्हणाला होतास ना? "नाही साहेब. पॉइंट चारच. मी मोजलीय."

"तू स्वतः ओढतोस का हे?"

"मी नाही ओढत."

"मग त्याला कशाला करून दिलीस? वर्षभर बोलत नव्हतास ना?"

तो कपाकडे बघत म्हणाला, "त्याने मागितली. तयार कॉइल जळून गेली होती. खोलीत आला आणि म्हणाला, कॉइल वळून देतोस का? वर्षात पहिल्यांदा बोलला, साहेब. मी नाही कसं म्हणू?"

आज ते वाक्य लिहिताना मला माझी लाज वाटते, कारण तेव्हा मी ते ऐकलेच नाही. मी माझा हुकमाचा पत्ता काढण्याच्या घाईत होतो. टेबलावर ती पिशवी ठेवली आणि दुकानातला आकडा सांगितला. त्याने पिशवी उचलून पाहिली.

"असं होणार नाही. मी मोजलीय."

"म्हणजे दुकानदार खोटं बोलतो? त्याचं यंत्र खोटं बोलतं? का तू?"

 मग मी ते केले जे चौकशीत शेकडो वेळा केले होते. दुखरी नस दाबली. "बहिणीचा राग काढलास ना? बरकत येणार नाही म्हणाला होतास. तुझा शब्द तूच खरा केलास."

त्याने कप खाली ठेवला. "बहिणीला मधे आणू नका, साहेब," एवढेच म्हणाला आणि पुढे एका प्रश्नालाही उत्तर दिले नाही. मी वहीत आमच्या खात्याचे पिढीजात वाक्य लिहिले: 'उडवाउडवीची उत्तरे देतो.' खरे तर तो उत्तरेच देत नव्हता.

शेठना मी सांगितले, संशयाला जागा आहे. त्यांनी डोळे मिटून घेतले. "इन्शाल्ला उद्या दुपारी लिहून देतो," म्हणाले. 

अल नहदाला परतताना गाडीत मला चैन पडेना. सगळे जुळत होते, फक्त ती चिठ्ठी जुळत नव्हती. ज्याला हात तोडायचा आहे तो बॅटरी निम्म्यात ठेवल्याचे कशाला कळवील? स्वतःच्या बचावाला पॉइंट चार एवढेच लिहिले असते तरी पुरे होते. 'निम्म्यात ठेवली आहे' हे वाक्य काळजीचे होते. आपली आई डब्यावर चिठ्ठी लावते तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न बोलावता वर्कशॉपात गेलो. वाइंडरला कामावर यायला मनाई होती. त्याच्या बाकाशी जाऊन बसलो. तारेची रिळे, बांबूच्या पट्ट्या, वार्निशचा डबा, सगळे जागच्या जागी. हीटरच्या जाड तारेचा तुकडा होता, कॉइल त्याचीच केली होती. आणि तो पिवळा मल्टिमीटर. त्याच्या दोन वायरींपैकी लाल वायर मधे काळ्या टेपने गुंडाळलेली होती.

मी काही शोधत नव्हतो. मीटर ओमवर लावला आणि हाताला चाळा म्हणून दोन्ही वायरींची टोके एकमेकांना टेकवली. मधे तार नाही, मोटार नाही, काही नाही. पडद्यावर शून्य यायला हवे, एवढे मला आता कळत होते.

आकडा आला ०.३.

मी टोके पुसली, पुन्हा टेकवली. पुन्हा ०.३. फोरमनला हाक मारली.

"हे काय दाखवतोय? मी तर काहीच मोजत नाही."

"वायरींचा आहे तो, साहेब," फोरमन सहज म्हणाला. "मीटरच्या वायरी पण थोडं अडवतातच की. तेवढा मायनस करायचा असतोय. नव्या वायरींना एवढा येत नाही. ह्या जुन्या झाल्यात, स्टोअरला लिहून दिलंय कवाच."

"तुम्ही करता मायनस?"

तो हसला. "मोटारीला कोण करतंय? आठ ओम, बारा ओमचं काम आमचं. पॉइंट तीनला कोण विचारतंय तिथं?"

बोलता बोलता तो थांबला. त्याला माझ्याआधी कळले. मी पिशवीतली कॉइल काढली, त्याने दोन टोके तिला लावली. ०.४. त्यातले ०.३ वायरींचे. कॉइलचे उरले ०.१.

वाइंडरने खरे सांगितले होते. दुकानदाराचे यंत्रही खरे होते. चिठ्ठी खरी होती, भागाकार खरा होता, त्यातली काळजीसुद्धा खरी होती. बारा वर्षे मोटारी भरणाऱ्या हाताने पहिल्यांदाच इतकी लहान गोष्ट मोजली, आणि जी सवय मोटारीला चालते तीच तिला लावली. खोटा त्या प्रकरणात एकच जण होता, तो म्हणजे सगळे जुळल्याचे सांगणारा मी.

मी शेठना घेऊन कॅम्पात गेलो. वाइंडर पलंगाच्या कडेला बसला होता. समोरचा पलंग रिकामा. मी काही न बोलता मीटर त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, टोके जोड. त्याने जोडली. आकडा बघून त्याने टोके सोडली आणि पुन्हा जोडली. मला वाटले होते, सुटलो म्हणेल.

"म्हणजे मीच केलं, साहेब," तो म्हणाला, आणि रडायला लागला.

बत्तीस वर्षांत मी गुन्हा कबूल करणारे खूप ऐकले. निर्दोष ठरल्यावर अशी कबुली देणारा हा पहिलाच. मी त्याच्या शेजारी बसलो आणि कालच्या बोलण्याबद्दल त्याची माफी मागितली. बहिणीचे नाव घ्यायला नको होते, असे स्पष्ट म्हणालो. वर्दीत असताना मी आरोपीची माफी कधी मागितली नव्हती. निवृत्तीचा एवढा तरी फायदा व्हावा.

जोहरची, म्हणजे दुपारची नमाज झाल्यावर आम्ही तिघे हॉस्पिटलात गेलो. शेठच्या लेखी म्हणण्याचा कागद अजून कोराच होता. स्टोअरकीपर उशीला टेकून बसला होता, उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत. वाइंडरला पाहताच त्याने तोंड भिंतीकडे फिरवले.

"याला कशाला आणलात, साहेब?"

"एक गोष्ट दाखवायची आहे. दोन मिनिटं. मग तू म्हणशील तसं शेठ लिहितील."

त्याला एका हाताने दोन टोके धरता येईनात. मी एक टोक त्याच्या डाव्या हातात दिले, दुसरे वाइंडरला धरायला सांगितले. दोघांनी एकमेकांकडे न बघता टोके टेकवली. पॉइंट तीन. फोरमनने सांगितले होते तेच मी साध्या शब्दांत सांगितले. स्टोअरकीपर ऐकत होता, पण त्याची नजर पडद्यावर नव्हती. तो लाल वायरीवरच्या काळ्या टेपकडे बघत होता.

"ह्या वायरी," तो म्हणाला.  "शेठ, ह्या वायरींच्या मागणीची चिठ्ठी माझ्याकडे आली होती. दोनदा."

शेठनी लाल वायर उचलून टेप चाचपली.

"त्याची सही होती म्हणून ड्रॉवरमध्ये पालथी घालून ठेवली. दोन्ही. नवीन जोड रॅकवर पडलाय. म्हटलं, बघू दे वाट. त्याने बोलावं म्हणून, की त्याला त्रास व्हावा म्हणून, मलाच कळलं नाही." त्याने पट्टीतला हात जरा उचलला. "मग शेवटी मीच बोललो. कॉइल मागायला."

नवीन वायरींचा जोड पंधरा दिरहमचा. शेठच्या तोंडून सवयीने निघून गेले, "म्हणजे साडेतीनशे रुपये," आणि ते स्वतःच ओशाळले. त्या वायरी बाकावर असत्या, तर वाइंडरने तारेचे वेढे बरेच जास्त घेतले असते. थोडा फरक तरीही राहिला असता, पण तो बॅटरीने सोसला असता.

वाइंडर पलंगाजवळ गेला. "मी मायनस करायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

"मी वायरी द्यायला पाहिजे होत्या," स्टोअरकीपर म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "साहेब, वही काढा. माझा जबाब बदलायचाय."

मी वही काढली. जबाब मी लिहिला, वाचून दाखवला, त्याने डाव्या हाताचा अंगठा उमटवला. कायद्याने त्या कागदाला तिथे शून्य किंमत होती. शेठनी त्याच्याच आधारे अपघात म्हणून म्हणणे लिहून दिले, सोबत फोरमनने मीटरचे फोटो जोडले. पोलिसांनी त्यांच्या तज्ज्ञाकडून पडताळून घेतले आणि प्रकरण मिटवले. ती दोन बोटे मात्र पुढे पुरती मिटली नाहीत.

त्यानंतर मी माझ्या जुन्या तपासांचा पुष्कळ विचार केला. आम्ही माणसे मोजायला निघतो. समोरचा किती अडवतो, किती लपवतो, याचा आकडा वहीत लिहितो. त्या आकड्यात आपल्या स्वतःच्या वायरींचा, जुन्या, टेप गुंडाळलेल्या वायरींचा भाग किती, हे मी कधी मोजले नाही. मोठ्या गुन्ह्यात तो खपून जातो. दरोडेखोराच्या बारा ओममध्ये माझे पॉइंट तीन कुठे दिसणार? पण बारीक, घरगुती, दोन भावांमधल्या गोष्टीत तेच सगळे असते. माझ्या हातून किती जणांच्या जबाबात ते मिसळले गेले असेल, याचा शोध आता लागणार नाही. तो सल राहील.

आम्ही भारतात परतल्यावर महिन्याभराने फोरमनने मला फोनवर एक फोटो पाठवला. स्टोअरची एक चिठ्ठी होती: 'मीटरच्या वायरी, एक जोड, वाइंडिंग विभाग.' खाली देणाऱ्याची सही होती. डाव्या हाताने केलेली, पहिलीतल्या मुलासारखी वाकडीतिकडी. शेजारी घेणाऱ्याची, सुबक अक्षरात. त्याखाली फोरमनने लिहिले होते, "साहेब, कामावर आल्यावर त्याने पहिला माल हाच दिला."